पहिलीच्या वर्गावर एम्. ए. शिक्षक

मुंबई-पुण्याकडील एखाद्या सुशिक्षित घरांतील हुशार मुलगी एम्. ए. ची परीक्षा उत्तम रीतीनें उतरली आणि त्याच संध्याकाळीं तिनें "आतां मी पहिलीच्या वर्गाला शिकविणार" असें सांगितलें, तर घरांत क्षणभर शांतता पसरेल. वडील चष्मा काढून पुसूं लागतील. आई म्हणेल, "मग एवढें शिकायचें तरी कशाला, बाई?" आणि एखादे काका, निदान हायस्कुलांत तरी हिची सोय लागावी म्हणून, ओळखीच्या कोणाला तरी चिठ्ठी देण्याची तयारी दाखवितील. या मंडळींपैकीं कोणाचेंहि मन वाईट नाहीं. मूल जितकें लहान तितकी त्याला शिकविणाऱ्याची विद्या तुटपुंजी असली तरी भागतें, हा समज इतका जुना व इतका सर्वमान्य आहे कीं, तो केवळ समज आहे हेंच कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. कॉलेजांतील प्राध्यापकाला पदव्यांची माळ हवी, हायस्कुलांतील शिक्षकाला एक-दोन पदव्या हव्या. आणि पहिलीच्या मास्तरांना? त्यांना बाराखडी व पाढे आले म्हणजे झालें!

युरोपच्या उत्तर टोंकाला असलेल्या फिनलंड देशांत मात्र या प्रसंगाचें कोणाला कांहींच वाटणार नाहीं. कारण तेथें पहिली ते सहावी या इयत्तांना शिकविणाऱ्या वर्गशिक्षकाला कायमची नेमणूक हवी असेल, तर त्यानें विद्यापीठाची मास्टरची पदवी घेतलेलीच असावी लागते. अवघ्या छप्पन लाखांच्या आसपास वस्तीचा हा देश. मूल तेथें सात वर्षांचें होतें त्या वर्षीं पहिलींत बसतें. ज्या बाई किंवा जे गुरुजी त्याला अक्षरओळख करून देतात, त्यांनीं त्यापूर्वीं साधारणपणें पांच वर्षें विद्यापीठांत काढलेलीं असतात, शिक्षणशास्त्र हा मुख्य विषय घेऊन प्रबंध लिहिलेला असतो, आणि पदवीच्या दृष्टीनें त्यांचा दर्जा हायस्कुलांतील गणिताच्या शिक्षकाच्या अगदीं बरोबरीचा असतो. ही व्यवस्था कशी घडून आली, तींत विद्यार्थ्याला काय काय करावें लागतें, आणि इतकें सारें करून हातीं काय येतें, हें पाहण्यासारखें आहे.

या कथेचा आरंभ एका पाद्र्यापासून होतो. ऊनो सिग्नेउस हें त्यांचें नांव. जन्म १८१० सालचा. १८४० पासून १८४५ पर्यंत ते अलास्कांतील सिट्का येथें, त्या वेळच्या रशियन वसाहतींत, धर्मोपदेशकाचें काम करीत होते. फिनलंड देशहि तेव्हां रशियाच्या झारच्याच अमलाखालीं होता. पुढें लोकशाळांची योजना आंखण्याचें काम त्यांच्याकडे आलें, आणि १८५८ व १८५९ या वर्षांत स्वीडन, डेन्मार्क, जर्मनी, स्वित्झर्लंड इत्यादि देशांतील शाळा त्यांनीं स्वतः हिंडून पाहिल्या. परतले ते पेस्टालॉझी आणि फ्रोबेल यांच्या विचारांनीं भारून. १८६३ सालीं युवास्कुला या लहानशा गांवीं फिनिश भाषेंतून शिक्षक तयार करणारें पहिलें अध्यापक-विद्यालय निघालें व सिग्नेउस त्याचे पहिले प्रमुख झाले. त्या काळीं कचेरीची आणि विद्वानांची भाषा स्वीडिश होती. फिनिश ही शेतकऱ्यांची बोली समजली जाई. तेव्हां लोकभाषेंत शिकविणारे शिक्षक घडविणें ही नुसती शाळाखात्याची बाब नव्हती, एका समाजाला त्याच्या स्वतःच्या भाषेंत उभें करण्याचा तो उद्योग होता. स्त्रिया व पुरुष दोघांनाहि तेथें प्रथमपासून प्रवेश होता, ही गोष्टहि लक्षांत ठेवण्यासारखी आहे. १८६६ च्या लोकशाळांच्या हुकुमानें हस्तव्यवसाय हा विषय सक्तीचा झाला. करवत, रंधा आणि सुईदोरा हीं पुस्तकाच्या पंक्तीला येऊन बसलीं.

महाराष्ट्रांतील श्रोत्याला येथें ज्योतीराव फुले यांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं जें निवेदन सादर केलें, त्यांत प्राथमिक शिक्षकाविषयीं त्यांचें म्हणणें अगदीं रोखठोक आहे. शिक्षक होतां होईल तों रीतसर तयार झालेले असावे, ते शेतकरीवर्गांतून यावे, प्रसंगीं नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरण्याची त्यांना लाज वाटूं नये, आणि त्यांचा पगार वाढवावा, असा त्यांचा आग्रह होता. सिग्नेउस व ज्योतीराव यांची कधीं भेट झाली नाहीं. एक बर्फाच्या मुलखांतला पाद्री, दुसरा पुण्याचा फुलमाळी. परंतु दोघांनीं प्राथमिक शिक्षकाचें जें चित्र रंगविलें, त्यांतील रेषा न् रेषा जुळते. फरक पडला तो पुढें. एकाची सूचना राज्यकर्त्यांनीं कायदा म्हणून मान्य केली, दुसऱ्याची कागदांवरच राहिली.

फिनलंडांतहि सारें एका दिवसांत झालें असें मात्र नव्हे. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १९२१ सालचा. युवास्कुला येथील जुन्या विद्यालयाच्या जागीं १९३४ सालीं शिक्षणशास्त्राचें महाविद्यालय आलें व १९६६ सालीं त्याचें विद्यापीठ झालें. आल्वार आल्टो या जगप्रसिद्ध वास्तुशिल्पज्ञानें त्याच्यासाठीं पाइनच्या झाडींत बांधलेल्या तांबड्या विटांच्या इमारती पाहायला आजहि परदेशांतून लोक येतात. परंतु १९७० पर्यंत समाजांतली मोठी भिंत कायम होती. लोकशाळेच्या चार इयत्ता झाल्या कीं, मुलांची चाळणी लागे. कांहीं थोडीं फी भरून चालणाऱ्या वरच्या शाळेंत जात. उरलेलीं लोकशाळेंतच राहून पुढें कामाधंद्याला लागत. दहा-अकरा वर्षांच्या वयांत आयुष्याचा निकाल! हीं दोन दालनें मोडून सर्व मुलांसाठीं नऊ इयत्तांची एकच शाळा काढण्याचा कायदा १९६८ सालीं झाला आणि १९७२ पासून १९७७ पर्यंत, उत्तरेकडील लॅपलंडपासून दक्षिणेकडे सरकत सरकत, तो अमलांत आला.

आतां प्रश्न असा आला कीं, वकिलाचा मुलगा आणि लांकूडतोड्याचा मुलगा एकाच बाकावर बसणार, तर त्यांना शिकविणारा कसा असावा? पूर्वीं हुशार मुलें निवडून वेगळीं काढलेलीं असत. शिकविणें सोपें होतें. आतां एकाच वर्गांत सर्व तऱ्हेचीं मुलें येणार होतीं. १९७१ च्या कायद्यानें वर्गशिक्षकांचें शिक्षण विद्यापीठांकडे दिलें, १९७४ च्या सुमारास शिक्षणशास्त्राच्या विद्याशाखा उभ्या राहिल्या, आणि १९७९ पासून वर्गशिक्षकाची पदवी ही मास्टरची पदवी ठरली. या घटनेला दूरदृष्टीचा मोठा नमुना म्हणून गौरविण्याची आतां चाल पडली आहे. खरी हकीकत थोडी निराळी आहे. त्याच दशकांत फिनलंडनें उच्च शिक्षणांतील सर्वच पदव्यांची फेररचना केली आणि बहुतेक शाखांतून खालची पदवी काढून टाकून मास्टरची पदवी हीच पहिली पदवी केली. त्या लाटेबरोबर प्राथमिक शिक्षकहि वर उचलला गेला. म्हणजे या निर्णयांत थोडी दूरदृष्टि होती, थोडा शिक्षक-संघांचा रेटा होता, आणि थोडा निवळ योगायोग होता. चांगल्या गोष्टींचा उगम नेहमींच थोर विचारांत असतो असें नाहीं. आलेला योगायोग टिकवून धरणें हें मात्र शहाणपणाचें लक्षण म्हटलें पाहिजे.

या पदवीच्या अभ्यासाला प्रवेश मिळविणें सोपें नाहीं. २०१० च्या सुमारास हेलसिंकी विद्यापीठांत दहा अर्जदारांमागें जेमतेम एकाला जागा मिळे. वैद्यकीचा किंवा कायद्याचा अभ्यास करण्याची पात्रता असलेलीं मुलें-मुली या रांगेंत उभीं असत. पुष्कळ वर्षें निवडीची रीत मोठी मासलेवाईक होती. परीक्षेपूर्वीं कांहीं आठवडे शिक्षणविषयक लेखांचा एक संग्रह प्रसिद्ध होई. देशभरच्या सर्व उमेदवारांना तेच लेख, तेच प्रश्न. पाठांतर करून येणाऱ्याला त्यांत फारसें यश नसे. लेखकानें काय सिद्ध केलें, काय केलें नाहीं, आणि कोणतें विधान पुराव्यापलीकडे जातें, हें ज्याला उमगे तो पुढें जाई. मग प्रत्यक्ष भेट. उमेदवार माणसाशीं बोलतो कसा, दुसऱ्याचें ऐकून घेतो काय, अडचणीचा प्रसंग समोर टाकला तर लगेच उपदेश करूं लागतो कीं आधीं विचारपूस करतो, हें तेथें पाहिलें जाई. गुणपत्रिकेवर डोळे लावून बसणाऱ्यांना ही दुसरी पायरी अन्यायाची वाटे, आणि तशी तक्रार तेथेंहि होत असे. तथापि सात वर्षांच्या मुलासमोर उभें राहण्याची पात्रता केवळ टक्क्यांनीं ठरत नाहीं, हें कोणीहि आई कबूल करील.

एकदां प्रवेश मिळाला कीं, फिनलंडच्या विद्यार्थ्याला शिकवणीची फी नाहीं, आणि सरकारकडून विद्यार्थिवेतनहि मिळतें. अभ्यास एकंदर ३०० श्रेयांकांचा: पहिल्या तीन वर्षांचे १८०, पुढील दोन वर्षांचे १२०. वर्षाच्या ६० श्रेयांकांना सुमारें १६०० तास, म्हणजे पांच वर्षांत सुमारें ८००० तासांचें काम. शिक्षणशास्त्र हा मुख्य विषय. त्याच्या जोडीला, शाळेंत शिकवावयाच्या सर्व विषयांचा मिळून ६० श्रेयांकांचा एक मोठा भाग असतो आणि या भागाची गंमत कांहीं और आहे. वर्गशिक्षक हा एकटाच सर्व विषय शिकविणार. म्हणून मातृभाषा, गणित, निसर्गविज्ञान, इतिहास, धर्म व नीति यांच्याबरोबरच चित्रकला, संगीत, व्यायाम व हस्तव्यवसाय हे सारे विषय त्याला स्वतः करून पाहावे लागतात. तर्कशास्त्रांत पारंगत असलेला विद्यार्थी पियानोवर मुलांच्या गाण्याला साथ करतांना घामाघूम होतो. विणकामाच्या सुया हातांत धरून कपाळाला आठ्या घालून बसलेले धिप्पाड तरुण आणि रंध्यानें फळी गुळगुळीत करणाऱ्या तरुणी हें तेथील नेहमींचें दृश्य. हिंवाळ्यांत बर्फावर घसरत धांवणें मुलांना शिकवायचें, तर आधीं आपला तोल आपल्याला सांवरतां आला पाहिजे. सिग्नेउस यांचा जुना आग्रह असा दीडशें वर्षांहून अधिक काळ टिकून राहिला आहे.

परंतु या अभ्यासाचा गाभा निराळाच आहे, आणि तो उदाहरणानेंच नीट कळतो. फिनिश भाषेंत 'तुलि' म्हणजे विस्तव, 'तूलि' म्हणजे वारा आणि 'तुल्लि' म्हणजे जकात. एक स्वर लांबला कीं विस्तवाचा वारा होतो, एक व्यंजन दुणावलें कीं जकातनाका येतो! लिहितांनाहि लांब स्वर दोन अक्षरांनीं, दुणावलेलें व्यंजन दोन अक्षरांनीं. मोठ्या माणसाला यांत शिकण्यासारखें कांहीं आहे असें वाटतच नाहीं. पण पहिलींतल्या मुलाचा कान अजून तो फरक टिपावयास शिकत असतो. म्हणून तेथील बाळपोथ्यांत शब्द अवयव पाडून, मध्यें आडव्या रेघा देऊन छापतात, मुलें टाळ्या वाजवून अवयव मोजतात, आणि शिक्षकाला मूल कोठें अडखळलें हें ध्वनीच्या पातळीवर ओळखावें लागतें. मराठींत 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' यांचा घोळ घालणाऱ्या मुलाच्या वहींत तांबडी रेघ ओढणें कोणालाहि जमतें. त्याच्या कानाला तो फरक ऐकूं येत नाहीं, कीं ऐकूं येतो पण हातानें उमटत नाहीं, कीं घरीं तो फरक केलाच जात नाहीं, हें ओळखणें ही विद्या आहे.

गणिताचेंहि तसेंच. ५२ मधून २७ वजा करावयास सांगितले असतां एखादें मूल ३५ असें उत्तर लिहितें. सामान्य माणूस म्हणेल, "चुकलें, हातचा घ्यायला विसरलास." तयार शिक्षकाला त्या ३५ मध्यें मुलाचा सारा विचार वाचतां येतो. दोनांतून सात जात नाहींत, म्हणून मुलानें सातांतून दोन वजा केले. पांचांतून दोन गेले तीन. मूल विसरलें नाहीं. त्यानें स्वतःचा एक नियम तयार केला आहे, आणि तो तें इमानानें पाळीत आहे. अशा मुलाला हातच्याच्या पन्नास वजाबाक्या घालून उपयोग होत नाहीं. काड्यांची जुडी सोडून एका दशकाचे दहा एकक कसे होतात, हें त्याच्या हातांनीं घडावें लागतें. पहिली-दुसरीचें गणित सोपें असतें ही गोष्ट खरी. पण तें न येणाऱ्याला तें कां येत नाहीं हें समजणें मुळींच सोपें नाहीं. पदव्युत्तर अभ्यास या दुसऱ्या गोष्टीसाठीं आहे. हा भेद ज्यांच्या ध्यानांत येत नाहीं, त्यांना पहिलीचा एम्. ए. शिक्षक ही निव्वळ उधळपट्टी वाटते.

ही विद्या व्याख्यानें ऐकून येत नाहीं; त्यासाठीं प्रत्येक विद्यापीठाची स्वतःची सराव-शाळा आहे. तिला तेथें 'नॉर्मल स्कूल' म्हणतात. जुन्या मुंबई इलाख्यांत हें नांव शिक्षक तयार करणाऱ्या शाळेलाच असे, हें वृद्ध मंडळींच्या वाचनांत आलें असेल. फिनलंडमधील नॉर्मल स्कूल ही खरीखुरी शाळा आहे. जवळपासच्या वस्तींतील मुलें तेथें शिकतात, आणि आपल्या वर्गांत दर हंगामाला नवे तरुण चेहरे येणार याची त्यांना संवय झालेली असते. विद्यार्थी-शिक्षक आधीं मागच्या बाकावर बसून निरीक्षण करतो. मग पाठाचें टांचण काढतो. तें मार्गदर्शक शिक्षकाला दाखवितो, बहुधा अर्धें खोडून परत मिळतें. मग पाठ देतो. खरी कसोटी लागते ती तास संपल्यावर. मार्गदर्शक शिक्षक "चांगलें झालें" किंवा "वाईट झालें" असें सहसा म्हणत नाहीं. तो विचारतो: खिडकीजवळच्या त्या मुलीनें तासभर हात वर केला नाहीं, तें पाहिलेंत काय? अमुक प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबलांत? उत्तर चुकलें तेव्हां तें सुधारलें कोणी, तुम्हीं कीं वर्गानें? पंचेचाळीस मिनिटांचा पाठ आणि त्यावर जवळ जवळ तितकीच चर्चा. ज्या तरुणाला आपण फार रंगून शिकविलें असें वाटत होतें, त्याला पुष्कळदां कळून चुकतें कीं, रंगलों तो आपणच. मुलें केवळ पाहात होतीं.

पांचव्या वर्षाच्या सुमारास प्रबंध येतो. विद्यार्थी त्याला लाडानें आणि कांहींशा धास्तीनें 'ग्राडू' म्हणतात. प्राथमिक शिक्षकानें संशोधन कां करावें, हा प्रश्न तेथेंहि नेहमीं विचारला गेला आहे, आणि विचारणारांत विद्यार्थीच पुढें असतात. सरावाचे तास वाढवा आणि प्रबंध आंखूड करा, अशी त्यांची जुनी मागणी. प्राध्यापकांचें उत्तर असें कीं, शिक्षकानें संशोधक व्हावें हा हेतूच नाहीं. वर्गांत रोज शेंकडों लहान निर्णय घ्यावे लागतात. ते संवयीनें, ऐकीव समजुतीनें किंवा स्वतःला लहानपणीं जसें शिकविलें गेलें त्याच्या आठवणीनें घेतां येतात, किंवा पुरावा पाहून घेतां येतात. पुरावा कसा गोळा करावा, आपली आवडती कल्पना खोटी ठरली तर ती कशी सोडावी, हें माणूस एकदां तरी स्वतः प्रबंध लिहून शिकला पाहिजे. मधल्या सुटींतील भांडणें मुलें आपसांत कशीं मिटवितात, तिसरीच्या मुलांना अपूर्णांक म्हणजे काय वाटतें, असे साधे प्रश्न घेऊन विद्यार्थी वर्षभर झुंजतो. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. चांगला प्रबंध लिहिणारा वर्गांत कच्चा निघतो, आणि वर्गांत जीव ओतणारी एखादी मुलगी ग्राडूपाशीं येऊन दोन-दोन वर्षें अडून बसते, असेंहि घडतें.

या कष्टांच्या बदल्यांत समाज शिक्षकाला काय देतो? पगार डोळे दिपविण्यासारखा नाहीं. मिळतो तो विश्वास. १९९० नंतर शाळा-तपासनिसांची पद्धति बंद झाली, क्रमिक पुस्तकांना सरकारी मंजुरी घेण्याचीहि गरज उरली नाहीं. देशाचा अभ्यासक्रम मोठी दिशा दाखवितो; पुस्तक कोणतें घ्यावें, कोणता धडा आधीं, कोणत्या रीतीनें, हें शिक्षक ठरवितो. नऊ इयत्तांत सर्वांसाठीं म्हणून एकहि देशव्यापी परीक्षा नाहीं. पदवी आणि स्वातंत्र्य यांचा हा सौदा दोन्ही बाजूंनीं पाळावा लागतो. पदवी देऊन तपासनीस ठेविला तर पदवीचा अपमान. आणि पदवी न देतां तपासनीस काढला तर मुलांचें नुकसान.

डिसेंबर २००१ मध्यें पंधरा वर्षांच्या मुलांच्या 'पिसा' नांवाच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेचा पहिला निकाल लागला आणि वाचनांत ५४६ गुण मिळवून फिनलंड पहिला आला, तेव्हां खुद्द फिनलंडचे लोकच चकित झाले. मग जगभरच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या वाऱ्या सुरू झाल्या, आणि प्रत्येकजण परत जातांना 'शिक्षकांची पदवी' हें गुपित बरोबर घेऊन गेला. परंतु २००६ सालीं गणितांत ५४८ वर असलेला हाच देश २०२२ सालीं ४८४ वर उतरला. वाचनाचा आंकडाहि ४९० वर आला. शिक्षक तेच, पदवी तीच. मग चूक कोठें झाली? मुलांचें सुटलेलें वाचन, हातांतील पडद्यांचें वेड, पैशाची काटकसर, वर्गांतील वाढते भेद, अशीं अनेक कारणें तेथें चर्चिलीं जातात आणि एकावर बोट ठेवणें कठीण आहे. इतकें मात्र दिसतें कीं, पदवी ही जादूची कांडी नव्हे, आणि यशाच्या वेळीं सारें श्रेय तिला देणारांनीं तेव्हांच थोडें सबुरीनें घ्यावयास हवें होतें. अलीकडे या अभ्यासाला येणारे अर्जहि पूर्वीपेक्षां घटले आहेत. सावोनलिन्नासारख्या लहान गांवांतील जुनें अध्यापक-शिक्षण २०१८ सालीं योएन्सू येथें हलविलें गेलें. विद्यापीठाच्या हिशेबांत तें शहाणपणाचें असेल, पण ज्या गांवांतून तरुण मंडळी निघून गेली त्या गांवाला त्याची किंमत मोजावी लागली.

महाराष्ट्रांतील घरांत या विषयाची चर्चा निघाली कीं, कोणी तरी जुन्या 'फायनल पास' मास्तरांचा दाखला देतोच. मराठी सातवी झालेल्या त्या मास्तरांनीं घडविलेले विद्यार्थी पुढें मोठमोठ्या पदांवर गेले, हें खोटें नाहीं. परंतु दाखला देणारे हे सारे तरून गेलेले असतात; ज्यांची ५२ वजा २७ कायमची ३५ राहिली आणि ज्यांनीं दुसरींतच शाळा सोडली, ते दाखला द्यावयास बैठकींत नसतात. बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका, पूर्वींची डी. एड्. व नंतरची डी. एल्. एड्., ही पुष्कळ वर्षें प्राथमिक शिक्षकाची रीतसर वाट झाली. दिल्ली विद्यापीठानें १९९४ सालीं प्राथमिक शिक्षणासाठींच म्हणून चार वर्षांची बी. एल्. एड्. पदवी सुरू केली. ११ ऑगस्ट २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, वरच्या वर्गांसाठीं आंखलेली बी. एड्. पदवी ही प्राथमिक वर्गांची पात्रता होऊं शकत नाहीं. हजारों बी. एड्. धारकांना हा निर्णय कडू लागला आणि त्यांचें दुःखहि खरें आहे. तथापि लहान मुलांना शिकविणें ही मोठ्यांना शिकविण्याची हलकी आवृत्ति नसून ती एक वेगळी विद्या आहे, हें तत्त्व देशाच्या सर्वोच्च न्यायासनानें त्यांत मान्य केलें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें २०३० सालापर्यंत चार वर्षांची एकात्म बी. एड्. ही शिक्षकाची किमान पात्रता करण्याचें ठरविलें आहे. ती पदवी देणाऱ्या प्रत्येक संस्थेला चांगली सराव-शाळा आणि तास संपल्यावर तासभर चर्चा करणारा मार्गदर्शक शिक्षक मिळेल काय, यावर तिचें सारें मोल अवलंबून राहील.

फिनलंडांत ऑगस्टच्या मध्यावर शाळा उघडतात. उन्हाळा तेव्हां सरत आलेला असतो, उजेड मात्र संध्याकाळीं उशिरापर्यंत रेंगाळतो. वसंतांत ग्राडू पुरा करून आलेली एखादी नवी शिक्षिका त्या दिवशीं आपल्या पहिल्या वर्गाच्या दारांत उभी असते. वीस-एक मुलें, कोणाचे पुढचे दोन दांत पडलेले, कोणी आईचा हात सोडावयास तयार नाहीं, कोणाला वाचतां येतें आणि कोणाला स्वतःचें नांवहि धड लिहितां येत नाहीं. टेबलावर तिनें स्वतः निवडलेली बाळपोथी आहे आणि कपाटांत काड्यांच्या जुड्या. तपासनीस येणार नाहीं. ती दार उघडते, मुलांना आंत घेते, आणि पहिल्या शब्दाचे अवयव मोजण्यासाठीं टाळी वाजविते.